आखाजीचा हिशेब आणि ऑगस्टची अधिसूचना

अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के आयातशुल्क लावले. तेव्हापासून आपल्याकडे जो वाद चालला आहे, तो मला चुकीच्या जागी घातलेला वाद वाटतो. एका पक्षाचे म्हणणे असे की राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आपली दारे बंद केली, तर आपणही करावीत; परदेशी माल नाकारणे हीच देशनिष्ठा. दुसरा पक्ष म्हणतो की दारे लावून घेणारा देश अखेर स्वतःच गरीब होतो, म्हणून आपण शुल्के उतरवावीत आणि खुल्या व्यापाराचा रस्ता धरावा. दोन्ही पक्ष दर किती असावा यावर भांडत आहेत. मी खानदेशातल्या कापूसपट्ट्यात राहतो आणि माझे मत असे आहे की दर किती हा दुसरा प्रश्न आहे. तो कोण बदलतो, केव्हा बदलतो आणि कोणाला विचारून बदलतो, हा पहिला प्रश्न आहे. या पहिल्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर परदेशी कापसावरचे ११ टक्क्यांचे शुल्कही शेतकऱ्याला वाचवत नाही आणि शून्य टक्क्याचे शुल्कही व्यापार खुला करत नाही.

आधी घडले काय ते नीट पाहू. परदेशी कापसावर १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाने शुल्क बसवले. मूळ सीमाशुल्क, कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आणि अधिभार मिळून ते ११ टक्के होते. २०२५ मध्ये ७ ऑगस्टला, म्हणजे अमेरिकेचे पहिले शुल्क लागू झाले त्याच दिवशी, पंतप्रधान मोदी यांनी दिल्लीत डॉ. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दी परिषदेत सांगितले की शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी भारत कधीही तडजोड करणार नाही आणि त्यासाठी वैयक्तिक किंमत मोजायलाही आपण तयार आहोत. दूध, मका आणि सोयाबीन यांच्या बाबतीत अमेरिकेचा दबाव होता, हे लक्षात घेतले तर ती भूमिका महत्त्वाची होती, आणि मी तिचे स्वागत केले. त्यानंतर पंधरा दिवसही उलटले नव्हते, तोच १९ ऑगस्टपासून कापसावरचे संपूर्ण शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले, आणि २८ ऑगस्टला ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. हा निर्णय कोणाला खूश करण्यासाठी घेतला गेला, याचे तर्क करण्यात मला रस नाही. हेतू चांगला होता असेच मी धरून चालतो, कारण हेतू चांगला असूनही निर्णय अन्यायाचा ठरू शकतो.

गिरण्यांची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. पन्नास टक्के शुल्काचा पहिला फटका तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या होजिअरीला आणि तिथे शिवणयंत्रावर बसलेल्या मुलींना बसला. बांगलादेश आणि व्हिएतनाम इथल्या कारखान्यांना परदेशी कापूस विनाशुल्क मिळतो आणि अमेरिकेत त्यांच्या मालावरचे शुल्क तेव्हा आपल्यापेक्षा कितीतरी कमी होते. अशा वेळी सूतगिरणीला कापूसही महाग पडला, तर ऑर्डर जाते, आणि गेलेली ऑर्डर सहसा परत येत नाही. गिरणी बंद पडली तर कापूस विकत घेणार कोण? हा प्रश्न खानदेशी माणसाला पुस्तकात वाचावा लागत नाही. अमळनेरची प्रताप मिल आणि जळगावची खानदेश मिल ज्यांनी चालू पाहिल्या आणि पुढे बंद पडलेल्याही पाहिल्या, त्यांना ठाऊक आहे की शेतकरी आणि गिरणी कामगार एकाच घरात राहत होते. थोरला भाऊ शेतात असे आणि धाकटा पाळीवर जात असे. साने गुरुजी अमळनेरला गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा त्यांना खेड्यातला शेतकरी परका वाटला नव्हता. म्हणून ‘गिरणी विरुद्ध शेतकरी’ अशी या वादाची जी मांडणी होते आहे, ती मला मान्य नाही.

पण गिरणीची अडचण खरी आहे एवढ्यावरून तिच्यावरचा हा उपाय योग्य ठरत नाही. ज्या निर्यातदाराला अमेरिकी शुल्काचा फटका बसला, त्याला निर्यातीच्या मालासाठी लागणारा कापूस विनाशुल्क आणण्याची सोय आगाऊ परवाना योजनेत पूर्वीपासूनच होती. छोट्या कारखानदाराला ती योजना कागदपत्रांमुळे जड जाते, हेही खरे आहे. मग ती योजना सोपी करायला हवी होती. त्याऐवजी निर्यातीसाठी असो वा देशातल्या विक्रीसाठी असो, सगळ्याच कापसाला सरसकट माफी मिळाली आणि तिचा भार ज्याने कापूस लावला त्याच्यावर पडला. शिवाय ज्या संकटाचे कारण अमेरिकेचे धोरण आहे, त्याची भरपाई सरकारी तिजोरीने केली असती तर ती साऱ्या देशाने केली असे झाले असते. भाव पाडून ती झाली, म्हणून ती कापूस उत्पादकाने एकट्याने केली.

आता वेळेचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे शेतीचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. सालदार, म्हणजे वर्षभरासाठीचा शेतगडी, आखाजीला ठरतो, बियाणे-खताची उधारी त्याच सुमारास ठरते आणि यंदा किती एकर कापूस, किती मका, किती ज्वारी याचा निर्णय तेव्हाच घरात होतो. ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी आहे ते मेअखेर-जूनच्या आरंभी पूर्वहंगामी लागवड करतात आणि कोरडवाहूवाले पहिल्या पावसानंतर. म्हणजे जूनच्या शेवटापर्यंत बहुतेकांचे पैसे जमिनीत गेलेले असतात. २०२५ मध्ये लागवड करताना शेतकऱ्यापुढे तीन गोष्टी होत्या: गेल्या वर्षीचा भाव, लांब धाग्याच्या कापसाचा जाहीर झालेला क्विंटलला ८,११० रुपयांचा हमीभाव आणि परदेशी कापसावर ११ टक्के शुल्क आहे ही स्थिती. यातली तिसरी गोष्ट ऑगस्टमध्ये काढून घेतली गेली. झाडाला पाते-फुले लागली असताना शेतकरी कापूस उपटून मका पेरू शकत नाही. सरकारने आपला हिशेब बदलला, पण शेतकऱ्याला त्याचा हिशेब बदलायला जागा ठेवली नाही. जो करार एका पक्षाला हवा तेव्हा मोडता येतो आणि दुसऱ्याला पाळावाच लागतो, त्याला धोरण कसे म्हणायचे?

यावर कोणी म्हणेल की २०२२ मध्येही एप्रिल ते ऑक्टोबर शुल्क माफ होते, तेव्हा एवढी ओरड का झाली नाही? हा आक्षेप चांगला आहे, कारण त्याच्या उत्तरातच नियम दडलेला आहे. २०२२ च्या वसंतात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, हमीभावाच्या कितीतरी पुढे. खानदेशातल्या बहुतेक शेतकऱ्यांचा माल तोवर विकून झाला होता आणि नवा हंगाम लांब होता. गिरण्यांना माल कमी पडत होता आणि शुल्क उतरवल्याने शेतकऱ्याच्या हातातल्या मालाचा भाव पडत नव्हता. २०२५ मध्ये सारेच उलट होते. ३० सप्टेंबरपर्यंतची पहिली मुदत एकवेळ समजून घेता आली असती, कारण त्या दिवसांत जुना माल संपलेला असतो आणि नवा यायचा असतो. शिवाय ब्राझील किंवा अमेरिकेतून निघालेले जहाज येईपर्यंत ती मुदत जवळपास संपलीच असती. पण ३१ डिसेंबरची मुदतवाढ नेमकी वेचणीच्या तोंडावर येऊन बसली. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांत आमचा बहुतांश कापूस घरात येतो, आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांसाठी परदेशी गाठींना दार मोकळे राहिले. भाव हमीभावाच्या खाली असताना, नव्या हंगामात, पुरेशी जहाजे भरून यायला वेळ मिळेल इतक्या लांब मुदतीने शुल्क काढणे आणि भाव हमीभावाच्या खूप वर असताना टंचाईच्या महिन्यांत ते काढणे, या दोन वेगळ्या कृती आहेत, मग अधिसूचनेची भाषा एकच का असेना.

सरकारच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद असा की हमीभाव आहे ना. बाजार पडला तर भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, कापूस घेईल. २०२४-२५ च्या हंगामात सीसीआयने देशभरात सुमारे एक कोटी गाठींची खरेदी केलीही. ही खरेदी झाली नसती तर भाव आणखी कोसळला असता, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु हमीभाव कागदावर ज्या दिवशी लागू होतो आणि शेतकऱ्याच्या हाती ज्या दिवशी पडतो, त्यांच्यामध्ये एक पूर्ण दिवाळी असते. सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा आणि कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या आत हवा. त्यापुढे भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत फिरते. २०२५ च्या सप्टेंबरच्या पावसात बोंडे भिजली, पहिल्या वेचणीचा कापूस हाताला ओला लागत होता. मजुरांची वेचाई रोखीने द्यायची, दिवाळी तोंडावर, दुकानदाराची उधारी डोक्यावर, अशा वेळी शेतकरी दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर कापूस घालतो, आणि तो भाव २०२५ मध्ये सात हजारांच्या आसपास किंवा त्याखालीच होता. सीसीआयच्या केंद्रावर पोहोचणारा माल पुष्कळदा याच कापसाचा सुकून आलेला, हात बदललेला भाग असतो. शिवाय एका हाताने शुल्क सोडायचे आणि त्यामुळे पडलेला भाव सावरायला दुसऱ्या हाताने गाठी विकत घ्यायच्या, यात तिजोरीचे दोन्हीकडून नुकसान होते, याचा विचार कोणी केला आहे का?

खुल्या व्यापाराच्या बाजूने मराठीत सर्वांत प्रामाणिक मांडणी शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी केली आणि तिच्याशी सामना केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला देशभर विरोध होत असताना शेतकरी संघटनेने त्याचे समर्थन केले. सरकार शेतकऱ्याला संरक्षण देत नाही, उलट निर्यातबंद्या आणि लेव्ही (स्वस्तातली सक्तीची खरेदी) लावून त्याच्याकडून उणे सबसिडी वसूल करते, असे त्यांनी दाखवून दिले. खानदेशला हे पटवून द्यावे लागले नाही. १९७२ पासून जवळपास तीन दशके एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. आपल्या शेतातला कापूस राज्याबाहेर नेऊन विकणे हा गुन्हा होता. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात खेतिया आणि सेंधव्याला चांगला भाव असताना शहादा-शिरपूरच्या शेतकऱ्याने रात्री गाडी घालावी आणि नाक्यावर पकडले जावे, असे दिवस आमच्या वडीलधाऱ्यांनी काढले आहेत. स्वतःचा माल विकल्याबद्दल तस्कर ठरलेल्या त्या पिढीला बाजाराचे स्वातंत्र्य हे शब्द पोकळ वाटले नाहीत, आणि मलाही वाटत नाहीत.

मग मी शुल्कमाफीला विरोध का करतो? कारण हे स्वातंत्र्य एकाच बाजूने येते. कापूस महाग झाला तेव्हा, २०१० मध्ये आणि पुन्हा मार्च २०१२ मध्ये, केंद्र सरकारने निर्यात रोखली. तेव्हा सरकार काँग्रेसप्रणीत होते, आणि त्या निर्णयाला तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी आक्षेप घेतला होता. गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही या बंदीला उघड विरोध केला होता, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी आली. साक्री-धुळ्याच्या कांदा उत्पादकाने ती मे २०२४ पर्यंत सोसली. पक्ष बदलला, पीक बदलले, पण नियम बदलला नाही: भाव चढला की निर्यातीचे दार बंद, भाव उतरला की आयातीचे दार उघडे. खुला व्यापार म्हणजे चढ्या भावाचा फायदा आणि उतरत्या भावाचा तोटा दोन्ही शेतकऱ्याचे. इथे तोटा तेवढा त्याच्या वाट्याला येतो. जे नेते खुल्या व्यापाराच्या नावाने आयात मोकळी करतात, त्यांनी कापसाची किंवा कांद्याची निर्यात यापुढे कधीही रोखणार नाही असा कायदा आणावा. मी त्या दिवशी ११ टक्क्यांचे शुल्क कायमचे काढायला पाठिंबा देईन.

आता इतिहासाकडे वळतो, कारण शुल्क आणि कापूस यांचा हा गुंता आमच्या भागात नवा नाही. १८७७ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली ब्रिटिश संसदेने ठराव केला की हिंदुस्थानातले कापडावरचे आयातशुल्क रद्द व्हावे. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी जाड्याभरड्या कापडावरचे शुल्क काढले. देश दुष्काळातून नुकता उठत होता, अफगाण युद्धाचा खर्च चालू होता, आणि लिटन यांच्या स्वतःच्या मंडळातल्या बहुसंख्य सदस्यांनी विरोध नोंदवला होता. तरीही त्यांनी विशेषाधिकार वापरून तो विरोध बाजूला सारला. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे यांची बदली धुळ्याला झाली होती. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या दिवसांत सरकारने त्यांच्यावर संशय धरला होता. याच रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन मांडले की अर्थशास्त्राचे सिद्धान्त देशकालनिरपेक्ष नसतात, आणि इंग्लंडला लागू पडणारे खुल्या व्यापाराचे सूत्र जसेच्या तसे हिंदुस्थानावर लादता येत नाही. १८९६ मध्ये त्याचा पुरावाच मिळाला. सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क ठेवले आणि लँकेशायरची तक्रार नको म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर बसवला. लँकेशायरशी ज्याची स्पर्धाच नव्हती ते शेतकऱ्याच्या अंगावरचे जाडेभरडे कापडही त्यातून सुटले नाही. टिळकांनी त्याविरुद्ध महाराष्ट्रात लोकमत उठवले, आणि तो कर जायला १९२५ उजाडावे लागले. या साऱ्यात मला दराइतकीच लक्षणीय वाटते ती रीत. ज्यांच्यावर भार पडणार त्यांचे ऐकून घेतल्याविना, वरून एका सहीने.

आणि म्हणून ट्रम्प यांच्या शुल्कांची मला सर्वांत जास्त भीती वाटते ती त्यांच्या दरामुळे नाही. १९३० मध्ये अमेरिकेने आयातशुल्के वाढवणारा स्मूट–हॉली कायदा केला, हजारावर अर्थतज्ज्ञांनी विरोध केलेला असताना केला आणि जगाची मंदी त्याने खोल केली. तो वाईट कायदा होता, पण तो कायदा होता. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, महिनोन्‌महिने चर्चा होऊन मंजूर झाला, आणि १९३४ मध्ये कायद्यानेच त्याची वाट बदलता आली. २०२५ ची शुल्के १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन एका व्यक्तीच्या आदेशाने लागली, आणि तिथल्या खालच्या न्यायालयांनी राष्ट्राध्यक्षांनी अधिकार ओलांडल्याचे त्याच वर्षी म्हटले. एप्रिलमध्ये २६ टक्के, मग स्थगिती, मग २५, मग ५०. आपण त्याला लहरीपणा म्हणतो ते योग्यच आहे. पण सीमाशुल्क कायद्याच्या २५व्या कलमाखाली ‘सार्वजनिक हितासाठी’ एवढ्या दोन शब्दांवर आपल्याकडेही शुल्क एका रात्रीत शून्यावर येते, संसदेत त्यावर चर्चा झालेली नसते, कापूस उत्पादकाला विचारलेले नसते. जे आपल्याला वॉशिंग्टनमध्ये खटकते, ते दिल्लीत का खटकू नये?

संरक्षणाचा आग्रह धरणाऱ्या माझ्या मित्रांनाही काही सांगायचे आहे. शुल्क लावून कापूस पिकत नाही. २०१३-१४ मध्ये देशात सुमारे ३९८ लाख गाठी कापूस झाला होता. २०२४-२५ मध्ये तो आकडा ३०० लाखांच्या खाली आला. या काळातली शेवटची चार-साडेचार वर्षे ११ टक्क्यांचे शुल्क होते. गुलाबी बोंडअळीने ते ओळखले नाही. हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास आपली उत्पादकता अडली आहे आणि ब्राझील तिच्या चौपट घेतो. बीटी कपाशीनंतर शेतकऱ्याच्या हाती नवे अधिकृत तंत्रज्ञान आलेले नाही, आणि तणनाशक सहन करणारे चोरटे बियाणे तो पावतीविना घेतो आहे. माल कमी पडला तर गिरणी आयात करणारच. पण परदेशी कापूस स्वस्त असतो तो केवळ तिथला शेतकरी हुशार म्हणून, असेही नाही. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने अनुदाने पूर्ण काढण्याऐवजी ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे गरीब देश २००३ पासून याच तक्रारीसाठी दार ठोठावत आहेत. तेव्हा अनुदानावर पिकलेल्या गाठीवर थोडे शुल्क असणे हे बाजाराविरुद्ध नाही. फक्त ते मलमपट्टी आहे हे विसरू नये.

मला हवे आहे ते साधे आहे. वर्षाचे कापूस आयात धोरण आखाजीपूर्वी जाहीर व्हावे आणि पुढच्या आखाजीपर्यंत ते बदलू नये. ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे माल शेतकऱ्याच्या हातात असण्याच्या काळात, बाजारभाव हमीभावाच्या खाली असेल तर शुल्कमाफी देता येणार नाही, असे त्यात लिहिलेले असावे. उलट उन्हाळ्यात भाव हमीभावाच्या बराच वर गेला तर शुल्क आपोआप उतरावे, गिरणीला दिल्लीच्या चकरा माराव्या लागू नयेत. यावर असे म्हटले जाईल की वाटाघाटींच्या काळात सरकारचे हात बांधणे धोक्याचे आहे. पण दूध आणि सोयाबीनच्या बाबतीत याच सरकारने आपले हात जाहीरपणे बांधून घेतले, आणि त्यामुळे आपली बाजू दुबळी झाली असे कोणी म्हणत नाही. समोरच्याला आधीच ठाऊक असलेली मर्यादा ही वाटाघाटीतली ताकद असते, आणि पहिल्याच दबावाखाली सोडून दिलेल्या शुल्काच्या बदल्यात पुढे मागण्यासारखे काही उरत नाही.

१ जानेवारी २०२६ ला शुल्क पुन्हा लागू होईल, असे ऑगस्टची अधिसूचना सांगत होती. तोवर चोपडा, अमळनेर, पारोळा, शिंदखेडा इथल्या कोरडवाहू घरांतला बराचसा कापूस जिनिंगला पोहोचलेला असणार होता आणि ओसरीवर उरणार होती ती शेवटच्या वेचणीची कवडी, म्हणजे हलका कापूस. शुल्क परत आल्यावर भाव दोन-चारशेने वर गेला, तर तो फायदा दिवाळीत खेड्याखेड्यांतून माल उचलून ज्याने गोदामात भरला, त्याला मिळणार होता.